कुरकुर थांबली तेव्हा

हिवाळ्यात डोंगराकडे निघालेल्या गाडीत दोनच माणसे असतील आणि ती सख्खी भावंडे असतील, तर लहानपणी अर्धवट राहिलेली सगळी भांडणे पहिल्या दोन तासांतच पुन्हा वर येतात. खिडकीजवळची जागा कोणाची, हा प्रश्न आता उरलेला नसतो. पण हीटर किती ठेवायचा, हा त्याचाच थेट वारसदार. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी असल्यामुळे गाडी तीच चालवणार, हे न बोलताच ठरलेले होते. त्यावर कुरकुर करणे हे माझे काम आणि ती ऐकून न ऐकल्यासारखे करणे हे तिचे.

निघायच्या पहाटे टायरमधली हवा कमी भरली. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरचा दाब साधारण एका पीएसआयने कमी होतो, हे मी तिला समजावून सांगितले. "सांगतोस काय, भर की," एवढेच ती म्हणाली. मागे टायरांच्या साखळ्या, जाड ब्लँकेट आणि एक फावडे होते. स्कीइंगला निघालेल्या माणसाने फावडे घेणे मला हास्यास्पद वाटले आणि तसे मी दोनदा बोलूनही दाखवले. गाडी बर्फात अडकली आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवायचे झाले, तर आधी सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे लागते. ते बुजलेले राहिले तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो आणि त्या वायूला वासही नसतो, हे तिने सांगितल्यावर मी विषय बदलला.

वाटेत एक पूल लागला. आतापर्यंतच्या रस्त्यासारखाच तोही नुसता ओला दिसत होता, पण ताईने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, ब्रेकला स्पर्शही केला नाही आणि स्टिअरिंग सरळ धरून गाडी आपल्या वेगाने पलीकडे जाऊ दिली. पुलाला जमिनीची ऊब मिळत नाही, गार वारा वरून आणि खालूनही लागतो, त्यामुळे आजूबाजूचा रस्ता ओला असतानाच पूल गोठून बसलेला असतो. आणि बर्फाचा तो थर इतका पातळ व पारदर्शक असतो की त्यातून खालचे काळे डांबरच दिसते. पूल मागे पडल्यावर "जरा जास्तच हळू नाही का?" असे मी विचारले. उत्तर मिळाले नाही.

स्कीइंगचा दिवस थोडक्यातच सांगण्यासारखा आहे. 'स्की' हा शब्द ज्या प्राचीन नॉर्स शब्दावरून आला, त्याचा अर्थ चिरलेले लाकूड असा आहे, आणि त्या दिवशी माझ्या पायांची अवस्था त्याहून वेगळी नव्हती. फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवली की वेग आवरतो, हे डोक्याला कळते. पण उतार पाहून घाबरलेला माणूस मागे रेलतो, मागे रेलला की टोकांवरचा भार उतरतो, आणि मग फळ्या त्याचे ऐकेनाशा होतात. ताई चार वेळा पडली, मी किती वेळा पडलो ते तिने मोजले आहे.

दुसऱ्या दिवशी पायी चढायचे होते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली घालून दिलेला हिशेब आजही वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक. बर्फात हा हिशेब फारच आशावादी ठरतो, म्हणून एक वाजता जिथे असू तिथून परतायचे, असे ताईने निघतानाच ठरवून टाकले. मी अंगालगत सुती बनियन घातला होता. सुती कापड घाम धरून ठेवते, असे तिने बजावले होते, त्यावरही मी कुरकुर केलीच. नंतर चढाची, वाऱ्याची आणि पाठीवरच्या ओझ्याची केली.

साडेबारा वाजले होते आणि माथा दिसत होता. ताई थांबली आणि "जॅकेटची चेन वर ओढ," म्हणाली. मी हातमोजा काढला, चेनची बारीक पट्टी चिमटीत धरली आणि ती निसटली; पुन्हा धरली, पुन्हा निसटली. बोटे माझी असल्यासारखी वाटतच नव्हती. "मी ठीक आहे," असे मी म्हणालो. तिने स्वतःच चेन गळ्यापर्यंत ओढली, पिशवीतून कोरडा शर्ट काढला, एका खडकाच्या आडोशाला नेऊन मला तो बदलायला लावला आणि आम्ही परत फिरलो.

शरीर गारठत चालल्याची लक्षणे म्हणून पाय अडखळणे, जीभ जड होणे, हातातून वस्तू निसटणे आणि चिडचिड यांची यादी सांगतात. उतरताना मी तिला विचारले, की माथा समोर असताना तिला शंका आली तरी कशावरून.

"वीस मिनिटे तू कशाबद्दलही तक्रार केली नव्हतीस," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने हीटर शेवटपर्यंत फिरवला. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, मग ती दुखू लागली, मग हळूहळू माझी झाली.

"जरा जास्तच गरम होतंय," मी म्हणालो.

ताईने एकदा माझ्याकडे नीट पाहिले आणि हीटरला हात न लावता गाडी रस्त्यावर घेतली.