पाद्री व्हायचं नव्हतं, मग शिकलात काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, एरवी मी "आवड होती हो" म्हणून विषय बदलते. प्रश्न ठरलेला असतो: ख्रिस्ती धर्माचा इतिहास आणि विचार या विषयात एमए केलंत, स्वतः ख्रिश्चन नाही, पाद्री-बिद्री व्हायचं नव्हतं, मग दोन वर्षं तिथे शिकलात तरी काय? बहुतेकांना वाटतं बायबल पाठ करून घेतात, आणि उरलेल्यांना वाटतं धर्मांतर करून घेतात. आमच्या आत्याला अजूनही धर्मांतराचीच शंका आहे.

खरं सांगू का, पहिलं सेमिस्टर मी जवळजवळ फक्त ग्रीक क्रियापदं घोकली. पुढे लॅटिन आलं, आणि संशोधनाचं बरंच लिखाण जर्मनमध्ये आहे म्हणून कामापुरतं जर्मन. वर्गात दोघं-तिघं चर्चमध्ये सेवा करायच्या तयारीतले, एक नन, एक पक्का नास्तिक, आणि मी. पहिल्या महिन्यातच कळलं की श्रद्धा असणाऱ्यालाही इथे सूट नाही आणि नसणाऱ्यालाही नाही. एकच विचारतात, हे कुठे लिहिलंय दाखव.

हे मी फटका खाऊन शिकले. पहिल्याच पेपरात मी थाटात लिहिलं की ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेत, म्हणजे ठिकठिकाणच्या बिशपांच्या सभेत, बायबलमध्ये कुठली पुस्तकं ठेवायची ते ठरलं, सगळीकडे असंच ऐकलेलं असतं ना. सरांनी समासात एकच शब्द लिहिला, "कुठे?" मग बसले शोधत. त्या सभेचे वीस नियम आहेत, सगळे वाचले. व्याजाने पैसे लावणाऱ्या पाद्र्याचं काय करायचं ते आहे, रविवारी गुडघे न टेकता उभं राहून प्रार्थना करावी असं आहे, पुस्तकांबद्दल अवाक्षर नाही. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाची, २७ पुस्तकं, आजची तीच आणि तेवढीच, अशी यादी सापडते ती ३६७ सालच्या एका पत्रात, अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी ईस्टरच्या निमित्ताने पाठवलेल्या. तेही एका बिशपचं पत्र, सगळ्यांनी मिळून केलेला ठराव नाही. पेपर परत लिहिला.

नायसियात भांडण होतं ते वेगळंच. येशू देवाच्या तत्त्वाचाच आहे का, की देवाने आधी निर्माण केलेला आहे? एरियस नावाच्या पाद्र्याचं म्हणणं होतं, निर्माण केलेला. सभेने श्रद्धेच्या अधिकृत मसुद्यात "होमोऊसिओस" म्हणजे एकाच तत्त्वाचा असा शब्द घातला, आणि तीसेक वर्षांनी काही जण म्हणायला लागले की "होमोइऊसिओस" म्हणू, म्हणजे सारख्या तत्त्वाचा. आपल्याकडे ध चा मा म्हणतात तसं, फरक एका अक्षराचा, आणि ग्रीकमधलं सगळ्यात बारकं अक्षर. या सगळ्या भानगडीत अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाले, मिळून सतराएक वर्षं. मला आधी हसू आलं होतं, एवढ्याशावरून? पण विचार करा, "एकच" आणि "सारखा" यात फरक नसता तर सोनं आणि सोन्यासारखं यातही नसता.

पण मला कायमचं पकडलं ते दुसऱ्या एका शब्दाने. मराठी बायबलमध्ये येशू लोकांना सांगतो, "पश्चात्ताप करा". मूळ ग्रीक शब्दाचा धातू "मेटानोइआ"चा, म्हणजे मन पालटणं. लॅटिनमध्ये ते झालं "पोएनितेन्तियाम आगिते", आणि शेकडो वर्षं पाद्र्यांपुढे पापं कबूल करून त्यांनी सांगितलेली शिक्षा भोगायची पद्धत असल्यामुळे ते ऐकायला यायचं "प्रायश्चित्त घ्या" असं. आता मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पश्चात्ताप आपला आपल्याला होतो, प्रायश्चित्त कुणीतरी देतं, त्याचे नियम असतात आणि बहुतेकदा खर्चही असतो. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्ला या इटालियन पंडिताने ग्रीक मजकूर शेजारी ठेवून लॅटिन बायबलच्या चुका टिपल्या, ती टिपणं इरॅस्मस या डच पंडिताला सापडली, त्याने ती १५०५ साली छापली, मग १५१६ साली स्वतः ग्रीक नवा करार काढला आणि १५१९च्या आवृत्तीत शेजारच्या लॅटिन भाषांतरात त्या जागी घातलं "रेसिपिस्किते". म्हणजे भानावर या! आणि मधे १५१७ साली, ज्याच्यामुळे पुढे प्रोटेस्टंट वेगळे झाले त्या मार्टिन ल्यूथरची ९५ कलमं आली, त्यातली पहिली दोन याच शब्दावर आहेत, की हे आख्ख्या आयुष्याबद्दल सांगितलंय, पाद्री देतात त्या विधीबद्दल नाही.

एका शब्दामुळे चर्च फुटलं असं मात्र म्हणू नका, चर्च विकायचं त्या पापमाफीच्या पत्रांचा पैसा होता, राजेरजवाड्यांची गणितं होती, छापखाना होता. मीही उत्साहात तसं लिहिलं होतं आणि समासात पुन्हा तोच शब्द आला होता. तरी या एका ओळीवर आमचे तीन तास गेले, आणि नन आणि नास्तिक दोघंही एका बाजूला होते, ते दृश्य मी विसरणार नाही.

बाप्तिस्मा घेतला का, तर नाही. श्रद्धा वाढली का कमी झाली हेही विचारतात, मला खरंच मोजता येत नाही. एक झालं, कुणी "मूळ ग्रंथात असं आहे" म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप "कुठे?" निघतं, घरात यावरून बोलणी खाल्लीयत.

आणि मुलीला हा विषय घेऊ देऊ का असं ज्यांनी विचारलंय त्यांना: नोकरीची हमी मी देऊ शकत नाही, शिकवणं, संपादन, अर्काइव्हजमधलं काम अशा वाटा आहेत पण जागा थोड्या. तिला एवढंच सांगा की ॲडमिशनची वाट न बघता ग्रीक आधी सुरू कर. मी नंतर केलं, आणि पहिला हिवाळा त्या अनियमित क्रियापदांनी खाल्ला.