मोटरहोम घ्यायचीय, पण कंपनी टिकेल का?

इकडे अमेरिकेत आमच्या वयाच्या मराठी मंडळींमधे सध्या एक फॅड आलंय, रिटायर झालं की मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली बसएवढी गाडी, घ्यायची आणि येलोस्टोनपासून फ्लोरिडापर्यंत हुंदडत सुटायचं. चांगलंच आहे. पण दीड-दोन लाख डॉलर घालायचे म्हटल्यावर आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "अहो पण कंपनी टिकेल ना?" मी इंडियानात राहतो, तेही कोलंबसला (कमिन्स या इंजिन कंपनीमुळे इथे कोथरूडकर जरा जास्तच), शिवाय मोटरहोम बनवणारं एल्कहार्ट आमच्याच राज्यात, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. तर एकदाच लिहून टाकतो.

मोठ्या कंपन्या तीन, थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबॅगो. हे तिघे टिकतील, मला तरी त्यात फारशी शंका नाही. बाजारात दिसणारी बरीचशी नावं यांच्याच घरातली आहेत. जेको, एंटेग्रा, टिफिन, एअरस्ट्रीम, अगदी जर्मनीचं हायमरसुद्धा थॉरचं. न्यूमार विनेबॅगोचं. कोचमेन फॉरेस्ट रिव्हरचं, आणि फॉरेस्ट रिव्हर स्वतः २००५ पासून वॉरन बफेंच्या बर्कशायर हॅथवेची, त्यामुळे पैशाची चिंता जवळपास शून्य. ती उभी करणारे पीट लीगल २०२४ च्या नोव्हेंबरात गेले तरी कंपनी चालूच आहे.

पण कंपनी टिकणं वेगळं आणि तुम्ही घेतलेला ब्रँड टिकणं वेगळं, आणि लोक फसतात ते इथेच.

२००९ आठवा. मार्चमधे फ्लीटवूड आणि मोनॅको या मोटरहोम बनवणाऱ्या दोन कंपन्या, दोघांचीही एकाच महिन्यात दिवाळखोरी. कॅलिफोर्नियाची नॅशनल आरव्ही त्याच्या आधीच गेलेली, ओरेगॉनची कंट्री कोच त्याच लाटेत बुडाली, आणि कोचमेनने तर २००८ संपताना आपला आरव्हीचा (म्हणजे मोटरहोम, ट्रेलर वगैरेचा) धंदाच फॉरेस्ट रिव्हरला विकून टाकला. २००६ ला अख्ख्या इंडस्ट्रीने, म्हणजे गाडीमागे ओढायचे ट्रेलर वगैरे सगळं धरून, ३,९०,५०० गाड्या डीलरकडे पाठवल्या होत्या, २००९ ला १,६५,७००. एल्कहार्टमधे बेकारी २० टक्क्यांच्या आसपास गेली, ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिथे येऊन गेले. झालं काय तर २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेलं, घरांच्या किमती पडल्या त्यामुळे घरावर कर्ज काढून कोच, म्हणजे मोठी मोटरहोम, घेणारं गिऱ्हाईक गायब झालं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे यार्डात गाड्या उभ्या करायला डीलरला जे कर्ज लागतं ते देणाऱ्यांनीच हात आखडता घेतला. डीलर माल उचलेना, आणि मोठे डिझेल पुशर (मागे डिझेल इंजिन असलेले बससारखे कोच) बनवणाऱ्यांचा पैसा त्या मालात अडकला.

तेव्हा थॉर आणि विनेबॅगो वाचल्या त्याचं एक साधं कारण, दोघींच्या डोक्यावर कर्ज नव्हतं. आज तसं नाही हं, हायमर, न्यूमार वगैरे घेताना दोघींनी बऱ्यापैकी कर्ज उचललंय, त्यामुळे "तेव्हा वाचल्या म्हणजे आताही वाचतीलच" असं डोळे झाकून म्हणू नका. तरी कोविडनंतरची आपटी बघा, २०२१ ला ६,००,२४० गाड्या आणि २०२३ ला ३,१३,१७४, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर, आणि तरीही तिघांपैकी कोणी गेलं नाही, थॉर तर नफ्यात राहिली. एल्कहार्टची पद्धतच तशी आहे. फॅक्टरी म्हणजे मोठी शेड, इंजिन, चासी (गाडीचा खालचा सांगाडा), फ्रिज, पंप सगळं बाहेरून येतं, आतमधे फक्त जोडणी. कामगारांना बऱ्याचदा नगावर पैसे, त्यात अमिश (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) लोक भरपूर, पहाटे पाचला सुरू करून दुपारपर्यंत घरी. मागणी पडली की लाइन बंद आणि माणसं घरी. कंपनी वाचते ती कामगाराच्या जिवावर, हे मला आवडत नाही, पण आहे हे असं आहे.

आता ब्रँडचं. फ्लीटवूड आणि मोनॅको, एकेकाळचे कट्टर प्रतिस्पर्धी, दोघांचं सामान वेगवेगळ्या लोकांनी घेतलं आणि २०१३ पर्यंत दोघेही एकाच छपराखाली आले, पुढे त्याचंच आरईव्ही ग्रुप झालं. नावं राहिली, पण दिवाळखोरीतून नवा मालक सहसा नाव, साचे, फॅक्टरी विकत घेतो, जुन्या गिऱ्हाइकाची वॉरंटी घेत नाही. पुण्यात बिल्डर पळाला की नवीन बिल्डर प्रोजेक्टचं नाव तेच ठेवतो आणि जुन्या फ्लॅटवाल्याला ओळख दाखवत नाही, तसलाच प्रकार. आणि शांतपणेही होतं हे, हार्टलँड हा थॉरचा ट्रेलर ब्रँड, २०२५ मधे जेकोच्या पोटात गेला.

पण मेलेल्या कंपनीचा कोच म्हणजे भंगार असंही नाही. आमच्या ओळखीत एकांकडे अशाच बंद पडलेल्या कंपनीचा जुना डिझेल पुशर आहे. इंजिन कमिन्सचं, गिअरबॉक्स ॲलिसनचा, चासी फ्रेटलायनरची, फ्रिज डोमेटिकचा, यातलं काहीही कुठल्याही मोठ्या गावात दुरुस्त होतं. अडलं कुठे तर पुढच्या काचेवर. एक तडा गेला आणि त्या मापाची काच शोधता शोधता माणूस मेटाकुटीला आला, कारण ती काच फक्त त्याच मॉडेलची. तसंच मागच्या फायबरग्लासच्या भागाचं, डब्यांच्या दारांचं आणि वायरिंग डायग्रॅमचं. तो कागद कंपनीबरोबर गेला की इलेक्ट्रिशियन तासाचे पैसे लावून नुसत्या वायरी हुंगत बसतो.

लहान कंपन्यांबद्दल माझं मत जरा उलटं आहे. लहान म्हणून बुडत नाहीत, घाईने वाढायला गेल्या की बुडतात. हायमरची उत्तर अमेरिकेतली शाखा, कॅनडात ओंटारिओची, रोडट्रेक नावाच्या व्हॅन बनवणारी, २०१९ ला हिशेबातल्या गडबडीमुळे कोसळली, थॉरने हायमर घेतली पण ही शाखा बाहेर ठेवली, नंतर रोडट्रेक फ्रान्सच्या रॅपिडोकडे गेलं. त्याउलट कॅनडातच मॅनिटोबात विंकलर नावाच्या छोट्या गावातली लेझर ट्रॅव्हल व्हॅन्स, घरची कंपनी, त्यांचं युनिटी मॉडेल मर्सिडीजच्या चासीवर आणि वंडर फोर्ड ट्रान्झिटवर, मोजकीच मॉडेल्स. चासी दुसऱ्याची, त्यामुळे मर्सिडीजने पुरवठा आवळला की यांचा श्वास अडकतो, तेवढी एक भीती. तरी पैसे माझे असते तर मी चाळीस फुटी पुशरऐवजी तिकडेच लावले असते.

टिफिनचं मात्र मला नीट सांगता येत नाही. अलाबामातल्या रेड बे गावात मालक लोक आपापले कोच घेऊन सर्व्हिससाठी मुक्कामाला येतात, त्या नावाची अर्धी किंमत त्या सर्व्हिस सेंटरची आहे. २०२० च्या डिसेंबरात थॉरने टिफिन घेतली. थॉर टिकेल, पण रेड बे तसंच राहील का हे तिथे रांगेत बसलेल्यांनाच विचारावं.

हर्शीचा आरव्ही शो, म्हणजे या गाड्यांचं प्रदर्शन, सप्टेंबरात असतो, पेनसिल्व्हेनियात. गेलात तर गादी किती मऊ आहे ते नंतर बघा, आधी बेडखालचं झाकण उघडून वायरिंगला लेबलं आहेत का ते बघा, आणि सेल्समनला विचारा की याच मॉडेलची दहा वर्षं जुनी पुढची काच आज कुठे मिळेल.