घामाचा एक थेंब आणि तेवीस वर्षे

‘मिशन: इम्पॉसिबल’ या १९९६ सालच्या चित्रपटातला तिजोरीच्या खोलीचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद ठेवलेली नाही, पण तो सुरू झाला की आजही माझा श्वास आपोआप मंदावतो. सीआयएच्या लँग्ली येथील मुख्यालयात एक पांढरीशुभ्र खोली आहे आणि तिच्यातल्या संगणकावरची यादी गुप्तहेर ईथन हंटला हवी आहे. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज झाला, जमिनीला स्पर्श झाला किंवा शरीराच्या उष्णतेमुळे खोलीचे तापमान वाढले, की धोक्याची घंटा वाजणार, हे आपल्याला आधीच सांगून ठेवलेले असते. ईथन छतातून दोरावर आडवा लटकत खाली उतरतो. वर दोर धरून बसलेल्या त्याच्या साथीदाराच्या, क्रीगरच्या समोर उंदीर येतो, त्याची पकड सुटते, ईथन वेगाने खाली येतो आणि जमिनीपासून जेमतेम काही इंचांवर थांबतो. मग त्याच्या चष्म्याच्या काचेवरून घामाचा एक थेंब ओघळतो, कडेला येऊन लोंबतो आणि सुटतो. त्याच क्षणी हातमोजा घातलेला तळवा त्याच्याखाली येतो.

या सगळ्यात ना गोळीबार आहे, ना पाठलाग, ना पार्श्वसंगीत. दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा यांनी आपले सगळे लक्ष पाण्याच्या एका थेंबावर खिळवून ठेवले आहे. असा प्रसंग रचण्याची परंपरा जुनी आहे. ज्यूल दासँ यांच्या १९५५ सालच्या ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटातली चोरी जवळजवळ अर्धा तास संवादाविना आणि संगीताविना चालते. ईथनच्या प्रसंगात आपण पाहतो तो तोल मात्र ती भूमिका करणाऱ्या टॉम क्रूझने खरोखर सांभाळलेला आहे. डोके खाली जाऊन जमिनीवर आपटू नये म्हणून त्याने बुटांत नाणी भरली होती. हे कळल्यावर तो प्रसंग मला अधिकच प्रिय झाला, कारण पात्राला जाचणारा नियम नटाच्या शरीरालाही तितकाच जाचत होता.

सुपरहिरो, हेर आणि विज्ञान या तीन प्रकारांवर माझे सारखेच प्रेम का आहे, याचे उत्तर मला याच खोलीत सापडले. हे तिन्ही प्रकार प्रेक्षकाकडे एक अशक्य गोष्ट मागतात. माणूस भिंतीवर चढतो, एकटा हेर अभेद्य इमारतीत शिरतो, यान कृष्णविवराजवळ जाऊन परत येते, एवढे आपण मान्य करायचे. मात्र ते मान्य केल्यावर त्या जगाने आपला नियम पाळला पाहिजे आणि त्याची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे. गेली अनेक वर्षे मी एक वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक चित्रपटाच्या नावापुढे त्या जगाचा नियम मी एका ओळीत लिहिते. ज्या चित्रपटाचा नियम मला एका ओळीत लिहिता येत नाही, तो पडद्यावर कितीही भव्य असला तरी माझ्या मनात फार दिवस टिकत नाही, असे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे.

सुपरमॅनचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो प्रथम अवतरला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते, तो एक अष्टमांश मैलाची उडी मारत असे आणि वीस मजली इमारत ओलांडत असे. पुढे त्याचे सामर्थ्य वाढत गेले, तो उडू लागला, आणि १९४३ साली रेडिओ मालिकेतून त्याला दुबळे करणारे क्रिप्टोनाइट हे खनिज आले. ज्याला काहीच अशक्य नाही अशा माणसाची गोष्ट सांगायची, तर त्याच्यासाठी काहीतरी अशक्य निर्माण करावेच लागते. १९७८ सालच्या चित्रपटात सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह सहकारी पत्रकार लोइसच्या घरी तिच्या पाठीमागे चष्मा काढतो, पाठीचा कणा ताठ करतो, खांदे रुंद होतात, आवाज खोल होतो. आणि खरे सांगण्याचा धीर न झाल्याने चष्मा पुन्हा चढवून तोच माणूस आपल्या डोळ्यांदेखत क्लार्क केंट या त्याच्या साध्यासुध्या रूपात मिटून जातो. अभिनयाच्या या काही सेकंदांसाठी मी त्या चित्रपटाला पुष्कळ काही माफ करते. शेवटी त्याने काळच उलटा फिरवावा हे मात्र मला आजही मान्य होत नाही, कारण झालेला मृत्यू परतवता येत असेल तर आधीच्या सगळ्या धडपडीला वजन उरत नाही.

त्या वजनाचा अर्थ मला सॅम रायमी यांच्या २००४ सालच्या ‘स्पायडर-मॅन २’ने शिकवला. त्यात पीटर पार्करची, म्हणजे स्पायडर-मॅनची, शक्ती मधल्या काळात त्याला सोडून जाते. जाळे सुटत नाही, भिंतीवरची पकड निसटते आणि तो कोसळतो. शक्ती परत आल्यानंतर भरधाव आगगाडीचा प्रसंग येतो. गाडीचे नियंत्रण तुटले आहे, पुढे रूळ संपले आहेत, आणि पीटर दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी फेकून गाडीच्या तोंडाशी स्वतःला ताणून धरतो. मुखवटा आधीच गेलेला आहे, पोशाख फाटतो आहे, चेहरा वेदनेने पिळवटला आहे. गाडी अगदी कडेवर थांबते, त्याची शुद्ध हरपते आणि तो पुढे कलंडतो, तोच फुटलेल्या काचेतून हात बाहेर येतात आणि त्याला धरतात. डब्यातली माणसे त्याला डोक्यावरून हातोहात आत नेतात, अलगद खाली ठेवतात, आणि एक जण म्हणतो की हा तर निव्वळ पोरगा आहे, माझ्या मुलाहून मोठा नसेल. दोन लहान मुले त्याला मुखवटा परत देतात आणि कोणाला सांगणार नाही असा शब्द देतात. त्याच्या बळाची सीमा आपण क्षणाक्षणाला पाहिलेली असते, म्हणूनच ते हात पुढे येतात तेव्हा माझे डोळे भरून येतात. त्या डब्यात त्याला धरणाऱ्यांपैकी एकाकडेही कसलीच शक्ती नाही.

विज्ञानपटांत नियम लेखकाने ठरवायचा नसतो, तो निसर्गाने आधीच ठरवलेला असतो; त्यामुळे तिथला प्रामाणिकपणा मला सर्वांत अवघड वाटतो. स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९६८ सालच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त अंतराळात स्फोटाचा आवाजही ऐकू येऊ दिला नाही, कारण तिथे ध्वनी वाहून नेणारी हवा नाही. पण माझा जीव सर्वांत अधिक गुंतला तो २०१४ सालच्या ‘इंटरस्टेलर’मध्ये. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी त्यासाठी अट घातली होती की पक्क्या सिद्ध झालेल्या नियमांविरुद्ध कथेत काहीही घडू नये. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांना एका पात्राला प्रकाशापेक्षा वेगाने पाठवायचे होते, आणि तो विचार त्यांच्या मनातून काढण्यासाठी थॉर्न यांना दोन आठवडे वाद घालावा लागला.

तो चित्रपट मी धाकट्या भावाबरोबर पाहत होते. पडद्यावर गार्गान्टुआ हे कृष्णविवर उगवले, मध्ये काळा गोल, भोवती तेजाची चकती, आणि तीच चकती पुन्हा गोलाच्या वर आणि खाली वाकलेली. त्याने हळूच विचारले, “ताई, हे असं दिसतं हे यांना कसं कळलं?” तेव्हा मला नीट सांगता आले नव्हते. नंतर वाचले तेव्हा समजले की चकतीच्या मागच्या भागातून निघालेला प्रकाश गुरुत्वाकर्षणामुळे वळून आपल्यापर्यंत येतो, म्हणून मागची बाजूही वर उचललेली दिसते. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-पियेर ल्युमिने यांनी १९७९ सालीच संगणकावर गणित मांडून, शाईचे ठिपके हाताने उमटवून असे चित्र काढले होते. चित्रपटासाठी थॉर्न यांनी समीकरणे दिली, दृश्यपरिणाम करणाऱ्या चमूने त्यांवरून प्रकाशकिरणांचे मार्ग काढले, आणि या कामावर २०१५ साली शोधनिबंधही प्रसिद्ध झाला.

खऱ्या चकतीची आपल्याकडे येणारी बाजू अधिक उजळ दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून चित्रपटात ती विषमता गाळली आहे. १० एप्रिल २०१९ रोजी एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा जाहीर झाली, तेव्हा त्या केशरी कड्याची एक बाजू स्पष्टपणे अधिक उजळ होती. मी ती प्रतिमा भावाला पाठवली. त्याने लगेच फोन केला आणि आम्ही त्या धूसर कड्याविषयी तासभर बोलत राहिलो.

माझ्या वहीत ‘इंटरस्टेलर’च्या नावापुढे एवढेच लिहिले आहे: तिथला एक तास म्हणजे इथली सात वर्षे. कृष्णविवराजवळच्या त्या पाण्याच्या ग्रहावर लाटेमुळे काही तास वाया जातात आणि नायक कूपर यानात परततो तेव्हा तेवीस वर्षे उलटलेली असतात. यानात थांबलेल्या त्याच्या सहकाऱ्याच्या, रॉमिलीच्या दाढीत पांढरे केस आले आहेत. कूपर साठलेले संदेश लावून पडद्यासमोर बसतो. मुलगा शाळकरी आहे, मग तरुण आहे, मग बाप झालेला आहे, आणि शेवटी म्हणतो की आता तुमची वाट पाहणे सोडून द्यायला हवे. पडदा काळा होतो. कूपर उठत नाही. मग पडदा पुन्हा उजळतो आणि इतकी वर्षे एकही संदेश न पाठवलेली मुलगी समोर येते. तिचा वाढदिवस असतो, आणि बाबा घरातून निघाले तेव्हा त्यांचे जेवढे वय होते तेवढेच त्या दिवशी तिचे झालेले असते.