एकशे वीस चौकोनांची शाल

आमच्या परभणीला कडाक्याची थंडी पडते, हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना अजूनही पटत नाही. मराठवाडा म्हटला की त्यांना ऊन, दुष्काळ आणि टँकर एवढेच आठवते. पण डिसेंबर सरत आला की येथील कृषी विद्यापीठात नोंदवलेले किमान तापमान वर्तमानपत्रात ठळकपणे छापून येऊ लागते, आणि आमच्या घरी लोखंडी पेटी उघडायचा मुहूर्त तोच असतो. त्या पेटीत सर्वांत खाली आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ आहे, आणि तिच्यावर माझ्या मैत्रिणींनी क्रोशाने विणून दिलेली तीन पांघरुणे आहेत. त्या पांघरुणांविषयी लिहावे, असे फार दिवसांपासून मनात होते.

आम्ही पाच जणी डी.एड.ला एका खोलीत राहत होतो. पुढे चौघी सेलू, गंगाखेड, अंबाजोगाई आणि उदगीर येथे स्थिरावल्या, आणि एकमेकींना गावाच्याच नावाने हाक मारायची सवय आम्हाला लागली. क्रोशा खोलीत आणला तो गंगाखेडने. तिचे लग्न ठरले होते आणि रुखवतात मांडण्यासाठी पांढऱ्या दोऱ्याचे रुमाल, तोरण आणि ताटावरची झाकणी तिला करायची होती. तिचे पाहून बाकीच्या तिघी शिकल्या. माझे बोट मात्र साखळी आणि मुका खांब या अगदी सुरुवातीच्या टाक्यांच्या पुढे कधी सरकले नाही. त्यामुळे देणाऱ्या त्या आणि घेणारी मी, ही वाटणी तेव्हापासून कायम आहे.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. स्वेटर दोन सुयांवर विणतात आणि तेव्हा सुईवर एकाच वेळी शंभर-दीडशे टाके उघडे असतात. एक निसटला की तो खालपर्यंत उसवत जातो. क्रोशाला टोकाशी आकडा असलेली एकच सुई लागते. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी छोटा आकडा असा आहे. त्यात प्रत्येक टाका पूर्ण करूनच पुढच्या टाक्याकडे जायचे असते आणि सुईवर सहसा एकच फास उरतो. म्हणूनच विणणारीला दूध उतू चालले म्हणून मध्येच उठता येते, आणि परत येऊन त्याच फासापासून पुढे जाता येते. स्वेटर यंत्रावर सहज निघतात, पण क्रोशाची हाताची वीण जशीच्या तशी काढणारे यंत्र कारखान्यांत आजही वापरात नाही. बाजारात क्रोशाचे काही खरोखर मिळाले, तर त्यामागे कोणाचे तरी दोन हात राबलेले आहेत हे निश्चित समजावे.

माझ्याकडे आलेले पहिले पांघरूण लहान आहे, तान्ह्या बाळाएवढे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती विसर्जन करून उशिरा निजले होते. उदगीरच्या घराला काही झाले नाही, परंतु त्या दिवसांत संपूर्ण लातूर जिल्ह्यात घरात झोपण्याचा धीर कोणाला होत नव्हता. तीही दोन लेकरांना घेऊन कितीतरी रात्री अंगणातच काढत होती. झोप येत नसे, आणि नुसते बसून राहिले की जमीन हलल्याचा भास होई. मला तेव्हा आठवा महिना होता. कंदील उशाशी ठेवून तिने माझ्या बाळासाठी फिकट पिवळ्या लोकरीचे दुपटे विणायला घेतले. मुलगी झाली, बारशाला ती आली, आणि दुपटे माझ्या हातात देताना एवढेच म्हणाली, “हातात सुई असली की हात थरथरत न्हाई गं.” त्या दुपट्याच्या सुरुवातीच्या ओळी इतक्या घट्ट आहेत की बोट आत जात नाही. पुढे पुढे वीण सैल होत जाते, आणि शेवटचा हातभर भाग अगदी मऊ आहे. तिची भीती कोणत्या ओळीपाशी ओसरली, हे त्या दुपट्यावर हात फिरवून मला आजही सांगता येते.

दुसरे सेलूने आमच्या वास्तुशांतीला दिलेले. त्याचे एक दुःख आहे. मी ते विश्वासाने एका लाँड्रीत धुवायला दिले आणि तेथे त्याच्यावर कडक इस्त्री फिरवली गेली. आपल्याकडे मिळणारी स्वस्त आणि रंगीत लोकर बहुतेक वेळा ॲक्रिलिकची असते, म्हणजे कृत्रिम धाग्याची. जास्त उष्णता लागली की तिची फुगीर उब कायमची जाते आणि धागा चपटा, चकचकीत होऊन लोंबू लागतो. घडी उलगडली तेव्हा मला रडू आवरेना. सेलूला फोन केला तर ती रागावली नाही. पुढच्या खेपेस आली ती सुई आणि लोकर घेऊनच. बिघडलेली बाजू तिने ओळी मोजून उसवली आणि दोन दिवस माझ्याकडे राहून पुन्हा विणून दिली. नवी बाजू किंचित गडद निळी आहे. ती शेजारी बसून टाके घालत होती त्या दोन दुपारी मला फार मोलाच्या वाटतात.

आता तिसरे. मी ३१ मे २०२० रोजी सेवानिवृत्त झाले. टाळेबंदी होती, शाळा बंद होती. ना निरोप समारंभ झाला, ना मुलांची भाषणे झाली, ना शाल-श्रीफळ मिळाले. मी शाळेच्या किल्ल्या सोपवल्या, सही केली आणि घरी आले. सदतीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिल्यावर असे निघून येणे मला लागले होते, आणि ते मी चौघींना फोनवर बोलून दाखवले. त्या वेळी गंगाखेड काही बोलली नाही. तिला मात्र चेन्नईची एक बातमी आठवली होती. तेथे ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातील हजाराहून अधिक स्त्रियांनी विणलेले तुकडे जोडून ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे ब्लँकेट केले होते आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली होती. वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच पांघरूण करता येते, हे तिने त्यातून घेतले. मला कळू न देता चौघींचे ठरले की प्रत्येकीने पाच इंचांचे तीस चौकोन करायचे.

एक चौकोन म्हणजे चार फेऱ्या. पहिल्या फेरीत तीन-तीन खांबांचे, म्हणजे उभ्या उंच टाक्यांचे, चार गट, एकूण बारा खांब. पुढच्या फेऱ्यांत चोवीस, छत्तीस आणि अठ्ठेचाळीस. कोपऱ्यांत वळण्यासाठी साखळ्या. एका चौकोनात एकशे वीस खांब होतात, आणि चौकोनही एकशे वीसच. चौदा हजार चारशे खांब! सरावलेल्या हाताला एका चौकोनाला अर्धा तास धरला, तरी जोडकाम सोडून साठ तास होतात. पांघरूण हातात आले त्या रात्री मी हा हिशेब वहीत मांडला, आणि मांडून झाल्यावर बराच वेळ गप्प बसून राहिले.

दुकाने बंद असल्यामुळे लोकर घरात असेल ती वापरायची होती. गंगाखेडने नातवाचा लहान झालेला मरून स्वेटर उसवला. उसवलेली लोकर शेवयांसारखी वाकडी असते. तिच्या लड्या करून, पाण्यातून काढून, खाली वजन बांधून तिने त्या दांडीवर वाळवल्या, तेव्हा धागा सरळ झाला. अंबाजोगाईच्या चौकोनांत पोपटी आणि राणी रंग आहे, कारण लेकीच्या शाळेतील संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी आणलेली लोकर तिच्याकडे उरली होती. उदगीरच्या एका चौकोनात मधली फेरी फिकट पिवळी आहे. ती १९९३ ची लोकर. तिने तो गुंडा सत्तावीस वर्षे जपून ठेवला होता, हे मला तेव्हा समजले.

गंगाखेडचे चौकोन जिल्ह्यातल्या जिल्ह्यात म्हणून सेलूला आधी पोहोचले. उरलेले दोन गठ्ठे ऑगस्टमध्ये आंतरजिल्हा एसटी सुरू झाल्यावर आले. सगळे सतरंजीवर मांडले तेव्हा सेलूच्या लक्षात आले की एकीचा चौकोन दुसरीच्या चौकोनाशी जुळत नाही. सुई चौघींकडे एकाच मापाची होती, पण हात वेगळे. अंबाजोगाईचा हात तिच्या फळ्यावरच्या अक्षरासारखाच घट्ट आणि रेखीव. तिचे चौकोन पाव इंच कमी भरत होते. सेलूने त्या तीसही चौकोनांना भोवताली मुक्या खांबांची एकेक बारीक फेरी देऊन ते बरोबरीत आणले, आणि मग कॉफी रंगाच्या लोकरीने दहा रुंदीला आणि बारा लांबीला असे जोडले. ती पाव इंचाची फेरी मला संपूर्ण पांघरुणात सर्वांत आवडते. दिव्याखाली धरले की एकाच नजरेत कोणाचा चौकोन कोणता, हे मी सांगू शकते.

पिशवीत पांघरूण, वर सोललेला नारळ आणि एक चिठ्ठी होती: “सरकारी शाल राहिली, ही घे. पेटीत ठेवायला केली न्हाई, पांघरायला केली.”

मी त्यांचे ऐकते. पेटीत ते फक्त उन्हाळ्या-पावसाळ्यात असते. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, तरी मी कडुलिंबाचा पाला घालतेच, ती आईची शिकवण. धुणे मात्र आता कोणाकडे देत नाही. रिठ्याच्या गार पाण्यात बुडवून, न पिळता तळहातांनी दाबून पाणी काढते, आणि गच्चीवर बाजेवर आडवे पसरून वाळवते. तारेवर टाकले तर पाण्याच्या ओझ्याने वीण ओघळते आणि चौकोनांचे लांबोडे होतात. हे एवढे तपशिलाने लिहिले, कारण कितीतरी घरांतून अशी हाताने विणलेली पांघरुणे केवळ चुकीच्या धुण्याने वाया गेलेली मी पाहिली आहेत.

गेल्या येळवसेला, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येला, उदगीरच्या शेतावर आम्ही पाचही जणी जमलो. पहाटे निघालो तेव्हा गाडीच्या काचांवर दहिवर साचले होते. ज्वारीच्या कडब्याची कोप बांधून झाली होती, आणि भज्जी आणि आंबील यायला अवकाश होता. मी पांघरूण बरोबर नेले होते. पाच जणी एकाखाली बसणे शक्य नव्हते, म्हणून ते गुडघ्यांवर आडवे घेतले. बोलता बोलता प्रत्येकीचा हात आपापले चौकोन शोधू लागला. अंबाजोगाईने तिच्या एका चौकोनाभोवतीची बारीक फेरी नखाने चाचपली, सेलूकडे पाहिले आणि विचारले, “ही कधी घातलीस गं?” तिला ते तोवर माहीतच नव्हते.