दिव्यांखालची माती : सुपरक्रॉस फोटोंच्या नोंदी

२८ जानेवारी २०२४, रविवार. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग या मोटारसायकल शर्यतींची पहिली फेरी झाली, त्या दिवशी मी प्रेक्षकांत होतो. गळ्यात साधा कॅमेरा, त्याला ५५-२५० मिमीची झूम लेन्स. घरी येऊन कार्ड उघडलं, तर उडीतली प्रत्येक गाडी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीही हललेली. कानात मात्र ४५० सीसीच्या गाड्यांचा आवाज दोन दिवस घुमत राहिला. तेव्हापासून रात्रीच्या, दिव्यांखालच्या शर्यतींचेच फोटो काढायचे हे ठरलं. डोंगरातलं, उन्हातलं मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या चढउतारांवरच्या मोटारसायकल शर्यती, काढणारे पुण्यात बरेच आहेत. रात्रीचं काढणारे फार भेटत नाहीत, म्हणून इतक्या महिन्यांत हाताला जे लागलं ते इथे लिहून ठेवतो.

नव्यांसाठी थोडक्यात. सुपरक्रॉस म्हणजे मोटोक्रॉसच, फक्त ट्रॅक बाहेरून माती आणून मैदानात बांधलेला. अमेरिकेत १९७२ साली लॉस एंजलिसच्या कोलिझियममध्ये अशी शर्यत झाली, १९७४ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये, म्हणजे छपराखालीही. आपल्याकडे छप्पर सहसा नसतं, पण सूर्य मावळला की फोटोग्राफरपुढचा प्रश्न तोच. प्रकाश कमी, तो वरून येणारा, आणि मुख्य म्हणजे एकसारखा नसलेला.

हे एकसारखं नसणं मला फार उशिरा कळलं. गावाबाहेरच्या एका छोट्या मैदानावर रात्रीची शर्यत होती. एकाच वळणावर, एकाच सेटिंगवर, एका दमात सात फ्रेम काढल्या. दोन उजळ, तीन काळपट, उरलेल्या दोनांत वरचा अर्धा भाग पिवळा आणि खालचा निळसर. मला वाटलं शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश सोडणारा पडदा, बिघडलं. आठवडाभर त्याच काळजीत होतो.

शटर ठीक होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या पद्धतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. एक लाट १० मिलिसेकंदांची. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं, म्हणजे १/१००० ला, शटर उघडलं की आपण त्या लाटेचा एक छोटा तुकडा कापून घेतो. कधी माथा मिळतो, कधी पायथा. त्यात शटरचे पडदे सेन्सरवरून, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवरून, सरकायलाही काही मिलिसेकंद घेतात, म्हणून एकाच फ्रेममध्ये वर एक रंग आणि खाली दुसरा. १/१०० ला एक पूर्ण लाट आत येते आणि सगळं सारखं दिसतं, पण त्या वेगात गाडी कुठली थांबायला! आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये कॅमेरा स्टँडवर लावून भिंतीचे साठ फोटो काढले तेव्हा हे नीट पटलं.

कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. तो लाटेचा माथा शोधून तिथेच शटर सोडतो. किंमत एकच : फ्रेमचा वेग थोडा मंदावतो आणि बोट दाबल्यापासून शटर पडेपर्यंत किंचित उशीर होतो. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर मी रात्री बंदच ठेवतो. बहुतेक कॅमेऱ्यांत त्याने पट्टे वाढतात आणि वेगातली चाकं तिरकी होतात.

आता माझ्या मते या सगळ्यातली खरी कामाची गोष्ट. मोठ्या मैदानांवर दिवे बऱ्याचदा तीन फेजवर, म्हणजे विजेच्या मागेपुढे चालणाऱ्या तीन लाटांवर, वाटलेले असतात. एका फेजचा दिवा मंद होतो तेव्हा दुसऱ्याचा चढलेला असतो. त्यामुळे जिथे दोन-तीन खांबांचा प्रकाश एकमेकांत मिसळतो, तिथे लुकलुक जवळजवळ मरते. जिथे एकाच खांबाचा प्रकाश पडतो, तिथे सर्वांत जास्त त्रास. म्हणून आता मैदानावर पोचलो की आधी फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ काढत पूर्ण फेरी मारतो. कुठला खांब धडधडतो, कुठला शांत आहे, ते पडद्यावर लगेच दिसतं. उभं राहायची जागा त्यावरून ठरवतो, ट्रॅक नंतर बघतो. ज्या रात्री आधी उडी बघून जागा धरली, त्या रात्री निम्मे फोटो वाया गेले.

उडीचंही तसंच. सुरुवातीला मी फक्त हवेतली गाडी टिपायचो. १/१२५०, काळं आकाश, मध्ये गाडी. फोटो टोकदार, पण ती गाडी दोरीने टांगल्यासारखी. वेग कुठेच नाही. आता उडीच्या अगदी माथ्यावर १/४०० ला काढतो. तिथे गाडीचं वर जाणं थांबलेलं असतं, खाली येणं सुरू व्हायचं असतं. म्हणजे फक्त आडवी हालचाल उरते आणि ती कॅमेरा सोबत फिरवून सांभाळता येते. चाकं फिरताना दिसतात, हेल्मेट स्थिर राहतं, आणि दीड स्टॉपपेक्षा जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) प्रकाश मिळतो तो वेगळाच. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, १२,८०० वरून ४,००० वर आलो ते या एका बदलाने.

वूप्सवर, म्हणजे त्या ओळीने लागलेल्या उंचवट्यांवर, हे चालत नाही. तिथे गाडी सतत वरखाली आपटते. पण चालवणारा गुडघ्यांत धक्का जिरवतो, त्यामुळे डोकं सगळ्यांत कमी हलतं. फोकसचा चौकोन हेल्मेटवरच धरायचा, नंबर प्लेटवर कधीच नाही. शटर १/१०००.

आवाज ऐकायला मला शिकवलं नाना पेठेतल्या एका मेकॅनिकने. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. शर्यतीला ते पोरांच्या गाड्या सांभाळायला येतात. माझी धडपड बघून एकदा म्हणाले, "अरे, डोळे लावून काय बसलायस? थ्रॉटल ऐक." थ्रॉटल म्हणजे गाडीची रेस. शेजारी उभं करून त्यांनी पाच-सहा फेऱ्या ऐकवल्या. उडीच्या चढावर इंजिन ओढत राहिलं, तर गाडी पूर्ण उडी घेणार. चढाच्या आधीच आवाज पडला, तर चालवणारा उडी न घेता नुसता वरून जाणार, म्हणजे बोट उचलायचं, फ्रेम वाचवायच्या. मी विचारलं, "मामा, आणि आवाज मध्येच तुटला तर?" "तर कॅमेरा खाली घे आणि मागे हो. तो कुठे पडेल सांगता येत नाही." त्या दिवसापासून मी कानात काहीही घालत नाही.

मागे होण्यावरून सांगतो : वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि उडी जिथे उतरते तिथे उभं राहू नका, पास असला तरी. मार्शलचा धोक्याचा पिवळा झेंडा दिसला की कॅमेरा खाली. फ्लॅश मी वापरत नाही, हवेत असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर प्रकाश मारणं मला पटत नाही.

सरावासाठी शर्यत दर महिन्याला कुठे मिळते? मी झेड पूल धरला. डेक्कनकडून नारायण पेठेत जाणारा, फक्त दुचाक्यांचा. संध्याकाळी सातनंतर गाड्यांची रांग तुटत नाही, वेग बेताचा, वर खांबांचे दिवे. १/३०, एफ ५.६ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, लहान तितका प्रकाश जास्त), आणि प्रत्येक स्कूटरमागे कंबरेतून वळायचं. पहिल्या आठवड्यात शंभरात चार फोटो नीट आले. दोन महिन्यांनी एकोणीस. पाय रोवून कंबर फिरवायची, हात नाही. आणि शटर पडल्यावरही फिरत राहायचं. मी पहिले कित्येक दिवस आवाज आला की थांबत होतो, तिथेच सगळा घोटाळा होता.

सध्याचं सामान : जुनी, वापरलेली ७०-२०० एफ २.८ लेन्स, एक मोनोपॉड म्हणजे एका पायाचा स्टँड, दोन कार्ड, लेन्स पुसायला मऊ कापड. ट्रॅकवर लेन्स बदलत नाही. टँकरने पाणी मारलं तरी तासाभरात माती उडू लागते आणि ती सेन्सरवर बसली की घरी प्रत्येक फोटोत एकच ठिपका. एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा ते, पूर्ण मॅन्युअल, कारण मागे काळोख असला की कॅमेरा गोंधळून पांढरी नंबर प्लेट अति उजळ करून जाळून टाकतो.

मागच्या शर्यतीत ६१० फ्रेम काढल्या, ४३ ठेवल्या. त्याआधी ९०० पैकी अकरा होत्या. त्रेचाळिसांतला एक फोटो मी पुन्हा पुन्हा उघडून बघतो आहे. उडीचा नाही. ८५ सीसीच्या गटातला मुलगा, वयाने बारा-तेराचा, बर्ममध्ये म्हणजे वळणाच्या मातीच्या भिंतीत पूर्ण झुकलेला. बाहेरचं कोपर वर, आतला पाय पुढे ताणलेला, मागच्या चाकातून सुटलेली माती पंख्यासारखी पसरलेली. मागे दोन खांब होते, त्यांचा प्रकाश त्या मातीतून आरपार आला आहे आणि एकेक ढेकूळ वेगळं दिसतं. गॉगलमधून त्याचा डोळा दिसतो, तो पुढच्या उडीकडे लागलेला. १/६४०, एफ २.८, आयएसओ ६,४००.

कॅमेऱ्यावर फोटो दाखवला तेव्हा त्याचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, हा मोठा करून मिळेल का? त्याच्या आईला शर्यत बघवत नाही. फोटो तरी बघेल." बारा बाय अठराचा प्रिंट टाकला आहे. शनिवारी हातात येईल.