तुम्ही विचारलंत म्हणून: जमिनीचे पैसे कुणाला मिळाले?

माझं माहेर पुण्याजवळ हवेली तालुक्यात, सिंहगड रस्त्याच्या पुढे. हे कळलं की ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्याकडे तर जमिनींना एवढा भाव आला, सगळे कोट्यधीश झाले असतील. मग गरीब राहिलंय कोण?" प्रश्न खोडसाळपणे विचारलेला नसतो. गुंठे विकून घेतलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात, बाकीची माणसं दिसत नाहीत. म्हणून नीट सांगते.

पैसा गावाला मिळत नाही, सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. आमचं भाताचं खाचर एक कुटुंब वाट्याने करायचं. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. जमीन विकली तेव्हा काकांना रक्कम मिळाली. त्या कुटुंबाचं वर्षाचं भात, म्हशीचं गवत, बांधावरचं जळण एका खरेदीखतानं संपलं. आज त्या घरची सून तिथल्याच सोसायटीत धुणी-भांडी करते. रोजगार तरी मिळाला, असं लोक म्हणतात. मिळाला, हे खरंच. पण तांदूळ आता दुकानातून आणावा लागतो.

आणि बहिणी. महाराष्ट्रात १९९४ सालीच कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला, २००५ साली तो देशभर लागू झाला. तरी कितीतरी सातबाऱ्यांवर बहिणींची नावं मालकांच्या रकान्यात न येता 'इतर अधिकार' या रकान्यातच राहिली. बिल्डरचा वकील कागद तपासायला बसला की त्यांची आठवण होते. गाडी पाठवतात, जेवण होतं, साडीचोळी होते आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रावर सही. माझ्या आत्यानं अशीच सही केली. "माहेर तुटायला नको गं," एवढंच म्हणाली. दिवाळीला भावाच्या दारात मानानं येता यावं, याची तिनं दिलेली ती किंमत होती. तिचं सासर पुरंदरात, पावसावरची शेती. काकांचा तीन मजली बंगला आहे आणि त्यांची सख्खी बहीण अजून बाजरी किती होईल याच्या काळजीत असते. शहर आणि खेडं यांच्यातली दरी म्हणतात, ती मला सगळ्यात स्पष्ट या दोन घरांत दिसते, आणि तिचा मला राग येतो.

ज्यांनी विकली त्यांच्यातही सगळे सारखे नाहीत. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी ज्यांनी आधी विकली, त्यांना नंतरच्या भावाचा अंशही मिळाला नाही. थांबू शकला तोच श्रीमंत झाला, आणि थांबायला मुळात घरात काही असावं लागतं.

दुसरी वाटही होती. हडपसरला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, स्वतःच कंपनी काढली आणि मगरपट्टा सिटी उभी केली. ज्याची जेवढी जमीन, तेवढे त्याचे शेअर. जमीन एकदाच विकून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं, मला त्याचं फार मोल वाटतं. पण तिथेही वाटा जमिनीच्या प्रमाणातच. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, त्याच्यासाठी कुणी काय केलं, हा प्रश्न तसाच राहतो.

पाण्याचंही तेच. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. २०२५ च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा सगळ्यांना कळलं की इथल्या बऱ्याच नळांना विहिरीचं पाणी फक्त क्लोरिन टाकून येत होतं, शुद्धीकरण केंद्रातून नाही. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्यांना परवडलं ते लगेच जारच्या पाण्यावर गेले. चाळीतल्या भाड्याच्या खोल्यांत पाणी उकळून प्यायचं, तर गॅस किती जाईल याचा हिशोब आधी करावा लागतो.

आता पुण्याभोवतीच्या रिंगरोडसाठी जाणाऱ्या जमिनींच्या मोबदल्यामुळे आणखी कितीतरी घरांतून बहिणींना बोलावणी जातायत. माझ्या मामेबहिणीलाही आलं. तिनं कागदाचा फोटो मला पाठवला, मी वाचला. त्यात तिच्या वाट्याचा आकडाच नव्हता. मी तिला लगेच फोन केला, "ताई, रक्कम लिहून दिल्याशिवाय सही करू नकोस. दादा रागावला तर मी बोलते त्याच्याशी."