केळीवरचा हरण्या रोग आणि ग्रोनिंगेनचा संगणक

रावेर-यावल पट्ट्यातील केळी बागायतदारांना कुकुंबर मोझॅक विषाणूची, म्हणजे आपल्याकडच्या हरण्या रोगाची, नव्याने ओळख करून द्यायला नको. पानांवर पिवळे पट्टे उमटले आणि पोंगा सडू लागला की रोगट झाड उपटून नष्ट करण्यावाचून इलाज उरत नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे मी ज्या संशोधनासाठी राहतो, त्याचा विषय याच विषाणूचे एक प्रथिन आहे. हे गावी सांगितले की काका लगेच विचारतात, “मग औषध केव्हा काढतोस?” फोनवर याचे नीट उत्तर देता येत नाही.

वनस्पतींमध्ये आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. विषाणूचा आरएनए, म्हणजे रासायनिक अक्षरांत लिहिलेला त्याचा जनुकीय मजकूर, पेशीत वाढू लागला की डायसर नावाची विकरे त्याचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतात, आणि आर्गोनॉट हे प्रथिन त्यांतील एक साखळी जवळ बाळगून तिच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए हुडकून कापते. वनस्पतींतील हे बारीक तुकडे हॅमिल्टन आणि बॉल्कम यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. कुकुंबर मोझॅक विषाणू हा बचाव मोडतो तो ‘२बी’ नावाच्या, जेमतेम ११० अमिनो आम्लांच्या प्रथिनाने. हे प्रथिन ते बारीक तुकडे अडवून धरते, शिवाय आर्गोनॉटच्या कामातही खोडा घालते. हे प्रथिन काढून टाकलेला विषाणू प्रयोगशाळेतील झाडांवर फारसा रोग उमटवू शकत नाही.

याच भावकीतल्या टोमॅटो अ‍ॅस्पर्मी विषाणूच्या २बी प्रथिनाची स्फटिकरचना, म्हणजे त्यातील अणूंची मांडणी, २००८ पासून उपलब्ध आहे. तिच्या आधारे उभे केलेले प्रतिरूप आम्ही पाण्यात आणि क्षारांत ठेवतो, अर्थात संगणकातच, आणि प्रत्येक अणूवरील बल मोजत तो दोन फेम्टोसेकंदांनंतर कुठे असेल ते काढतो; फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचाही दहा लाखावा भाग. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, पाहायचा तर ही आकडेमोड ५० कोटी वेळा करावी लागते. त्यासाठी जगभर वापरली जाणारी ग्रोमॅक्स ही आज्ञावली मुळात इथल्याच विद्यापीठात घडली. महासंगणकावर मात्र सगळ्यांची रांग असते, आणि दिवाळीच्या फोनवरही माझे निम्मे लक्ष त्या रांगेकडे असते.

या प्रथिनाच्या जोड्या आरएनएच्या दुपदरी तुकड्याला सांडशीसारख्या दोन्ही बाजूंनी धरतात. ही पकड अक्षरांवर नसून ती अक्षरे ज्यावर ओवलेली असतात त्या ऋण प्रभाराच्या फॉस्फेटच्या कण्यावर असते, आणि ती प्रामुख्याने अर्जिनिन या धन प्रभाराच्या अमिनो आम्लामुळे टिकते. त्यामुळे तुकड्यातील मजकूर कोणताही असला तरी प्रथिनाला फरक पडत नाही. एखादे अर्जिनिन बदलून पकड किती ढिली होते, हे संगणकात तपासता येते. प्रत्यक्षात असा प्रत्येक बदल झाडावर करून पाहणे फार वेळखाऊ ठरते.

फवारणीच्या औषधाची आशा मी काकांना देत नाही. २बीला बांधणारे रसायन सापडले, तरी ते झाडाच्या प्रत्येक पेशीत पोहोचायला हवे आणि एकरी खर्चात बसायला हवे. कीटकनाशकाचीही मर्यादा आहे, कारण मावा काही सेकंद सोंड खुपसूनच विषाणू देऊन जातो आणि नंतर मेला तरी लागण झालेलीच असते.

मला अधिक आशा वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. २बीचे जनुक विषाणूच्या २ए या, आरएनएच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनाच्या जनुकावर काही अंतरापर्यंत चढलेले आहे, म्हणजे तिथली तीच अक्षरे दोन्ही प्रथिनांसाठी वापरली जातात. त्या भागात विषाणूने २बी बदलून त्यावरच्या एखाद्या उपायातून सुटका करून घ्यायची म्हटली, तर २ए बिघडण्याचा धोका त्याला पत्करावा लागतो. पकडीला अत्यावश्यक असणाऱ्या अर्जिनिनांपैकी नेमकी कोणती या दुहेरी पट्ट्यात येतात आणि म्हणून विषाणूला सहज बदलता येणार नाहीत, हेच सध्या मी ताडून पाहत आहे.